अठ्ठावीस दुरुस्त्या

दुरुस्तीकाका कपाटात बसायला लागले, याची जबाबदारी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांवर जाते. "रेकॉर्डिंग करायचंय ना? मग कपाट," ते जिन्यात थांबून म्हणाले. "चारी बाजूंनी कपडे, पायाशी रजई. आवाज कसा लोण्यासारखा येतो बघा." मॅनेजरांनी स्वतः आयुष्यात काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं. पण माहीत असेल तरच सल्ला द्यायचा, असा नियम त्यांनी बँकेतही कधी पाळला नव्हता.

काकांनी एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून काढली होती. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या. काका निवृत्त झाले, सवय झाली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, लिफ्टमधली सूचना, औषधाच्या बाटलीवरचा कागद, जे हाती येईल त्यावर लाल पेन चाले. एकदा भाच्याने नोकरीच्या अर्जाची प्रत सहज दाखवायला आणली आणि ती इतकी लाल होऊन परत गेली, की त्याने ती नोकरीच नको म्हणून सांगितलं. 'दुरुस्तीकाका' हे नाव त्याचंच.

अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात उतरवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत काका आठवड्यातून तीन दिवस वाचायला जात. संस्था म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, त्यामुळे उन्हाळ्यात संस्थेची पुस्तकं फार घाईघाईने वाचलेली असत.

एका सोमवारी तिथे पाणीपुरवठा खात्यातल्या टेलिफोन ऑपरेटर आल्या. सोळा वर्षं त्या खात्याचा फोन उचलत होत्या. दिसत त्यांना जन्मापासून नव्हतं, पण नळाला पाणी का येत नाही हे तक्रार करणाऱ्याच्या श्वासावरून त्या ओळखत, असं खात्यात म्हणत. पिशवीतून त्यांनी एक जाडजूड पुस्तिका काढून टेबलावर ठेवली.

"सेवा नियम पुस्तिका. तीनशे बारा पानं," त्या म्हणाल्या. "एकोणीस दिवसांनी खात्याची परीक्षा आहे, वरिष्ठ सहायकाची. दोनदा नापास झालेय. तिसरी संधी शेवटची."

"आणि नाही झालं तर?" संस्थेच्या चिटणीसबाईंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात फोनवर मशीन येतंय. एक दाबा, दोन दाबा. मग मला नोंदींच्या खोलीत एक खुर्ची देणार आहेत. काम नाही, नुसती खुर्ची. साहेब म्हणाले, आराम करा." त्यांनी पुस्तिकेवरून हात फिरवला. "मी अडतीस वर्षांची आहे हो. आणखी वीस वर्षं आराम करू?"

मोबाइलवर मजकूर वाचून दाखवणारं अ‍ॅप त्यांनी वापरून पाहिलं होतं. पण पुस्तिकेची छपाई इतकी पुसट, की अ‍ॅपने पहिलं प्रकरण वाचायला घेतलं आणि सलग चार मिनिटं 'ठ ठ ठ' म्हटलं. टपाल विभागातली एक मैत्रीण चहाच्या सुटीत वाचून दाखवायची, पण चहाच्या सुटीत चहाही होतो. गेल्या दोन परीक्षा त्यांनी अशाच, अर्ध्या पुस्तिकेवर दिल्या होत्या.

"काळजी करू नका ताई," काका म्हणाले. "मी वाचतो." आणि खाकरून त्यांनी घसा साफ केला. महत्त्वाचं काही म्हणायचं असलं की ते आधी घसा साफ करत.

"तीनशे बारा पानं एकटे?" चिटणीसबाई नव्या होत्या, आणि संस्थेला नव्या जमान्यात नेण्याची जबाबदारी आपल्यावरच आहे असं त्यांना वाटे. "काका, आता समाज आपल्या खिशात आहे. एक पोस्ट टाकायची, बस."

पोस्ट टाकण्याआधी खात्याची परवानगी काढणं भाग होतं, कारण पुस्तिकेवर 'केवळ कार्यालयीन वापरासाठी' असं छापलेलं होतं. काका खात्यात गेले. पुस्तिकांचा साठा ज्यांच्या ताब्यात होता त्या भांडारपालांनी सांगितलं, ना हरकत पत्रासाठी अर्ज करा, आणि अर्ज आता फक्त ऑनलाइन. परीक्षार्थीनेच तो करायचा होता. शेवटच्या पानावर चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती, म्हणजे अर्जदार यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध होतं. ऑपरेटरताईंना काही ते सिद्ध करता येईना. शेवटी काकांनी त्यांच्या शेजारी बसून ती अक्षरं वाचली. तिसऱ्या प्रयत्नात संगणकाने ताईंना माणूस म्हणून मान्यता दिली. यात चार दिवस गेले.

पंधरा दिवस उरले असताना पोस्ट गेली. 'तुमचा आवाज, त्यांचे डोळे.' खाली पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा फोटो, नमुना म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ग्रुपमध्ये सहाशे चाळीस माणसं आली आणि दुपारपर्यंत एकशे नऊ रेकॉर्डिंगं. चिटणीसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्याही आलं, पण ते ऐकायला बसल्यावर. एकशे नऊपैकी एकशे चार जणांनी पहिलंच पान वाचलं होतं. समाजाला त्याच पानाचा फोटो मिळाला होता, समाजाने तेच वाचलं. उरलेल्या पाचांत चार जणांनी आपापल्या आवडीच्या कविता पाठवल्या होत्या, आणि एकाने ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं असं विचारलं होतं.

मग पानं वाटून देणारा तक्ता आला. तेव्हा वेगळ्या अडचणी सुरू झाल्या. हौशी नाटकांत कामं करणाऱ्या एका गृहस्थांनी रजेचे नियम असे वाचले, की 'वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत सादर न केल्यास' या शब्दांनंतरच्या विरामात ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. एका बाईंच्या नियम चौदामध्ये 'अगं, दूध उतू गेलं बघ' हे पोटकलम शिरलं. एक तरुण प्रत्येक पानाच्या सुरुवातीला 'नमस्कार मित्रांनो' आणि शेवटी 'आवडलं तर नक्की शेअर करा' म्हणे. या सगळ्यावर रोज सकाळी फुलांची शंभरेक चित्रं. ज्या लोकांसाठी हा ग्रुप काढला होता त्यांतल्या कोणालाही ती दिसणार नव्हती, हे फुलं पाठवणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

काकांनी आपलं कर्तव्य बजावलं. एकेक रेकॉर्डिंग ऐकून ते ग्रुपवर लिहीत: 'पान ३४, ओळ ३. आपण एक शब्द गाळला आहे.' 'पान ५१. आपण दोन पानं एकदम उलटली आहेत.' 'पान ६०. आपण जेवता जेवता वाचत आहात काय?' चार दिवसांत दोनशे सत्तर माणसं ग्रुप सोडून गेली. पाचव्या दिवशी चिटणीसबाईंनी ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय केली. काका ॲडमिन नव्हते.

"तुमच्यावर राग नाही हो काका," त्या म्हणाल्या. "पण समाजाला जरा प्रोत्साहन हवं असतं."

"मला एकतीस वर्षांत संपादकांनीसुद्धा गप्प बसवलं नव्हतं," काका घरी येऊन म्हणाले.

"त्यांचा तुमच्यापुढे इलाज नव्हता," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे बटण आहे."

आठ दिवस उरले होते आणि एकशे अठरा पानं कोणीच वाचली नव्हती. कंटाळवाणी पानं समाजाने शिताफीने टाळली होती: मुदती, बदल्या, पोटकलमं, परिशिष्टं. ती काकांनी घेतली. कपाटात शिरून, डोक्याला विजेरी बांधून, काकूंच्या हिवाळी कोटाला टेकून ते वाचू लागले. तिसऱ्या दिवशी काकूंनी चादर काढायला कपाट उघडलं. त्यांची किंकाळी पान एकशे चाळीसवर अजून आहे. परत वाचण्याइतका वेळ नव्हता.

"काका, रेकॉर्डिंग उत्तम आहे, पण खाकरणं फार येतं मध्ये मध्ये," चिटणीसबाईंनी कळवलं.

"गोळ्या घ्या घशाच्या," काकू म्हणाल्या. "खाकरलात की कपाटाचं दार वाजतं. मला वाटतं, मॅनेजर आले."

रोज थोडी थोडी करत, परीक्षेच्या तीन दिवस आधी सगळी पानं ऑपरेटरताईंच्या छोट्या प्लेअरमध्ये भरून झाली. त्यांनी त्या दिवसापासून रजा टाकली आणि निरोप पाठवला: 'आता मोबाइल बंद ठेवते. फक्त ऐकणार. सगळ्यांना नमस्कार.'

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी काका ताईंच्या नावावर घेतलेली पुस्तिका भांडारात परत करायला खात्यात गेले. काम फत्ते झालं होतं. अशा वेळी माणसाने पुस्तिका खिडकीत ठेवून घरी यावं. पण काकांना भांडारपालांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना.

"तुमच्या पुस्तिकेत चुका फार हो," ते म्हणाले. "पान एकशे बहात्तरवर अर्जाची मुदत तीस दिवस, आणि पान एकशे नव्वदवर त्याच अर्जाला पंचेचाळीस. छापणाऱ्याची डुलकी. मी वाचताना दोन्हीकडे तीस करून टाकलं."

भांडारपालांनी शिक्का मारायला उचललेला हात तसाच ठेवला. "करून टाकलं म्हणजे?"

"दुरुस्त केलं."

"अहो, तीस कायम जागेवरच्या माणसाला. बदलीवर गेलेल्याला पंचेचाळीस. दोन वेगळे नियम आहेत ते." भांडारपाल खिडकीतून जरा पुढे झुकले. "दर परीक्षेत हा प्रश्न असतो. पोरं इथंच गडगडतात, म्हणून तर विचारतात."

काकांनी खिडकीचा कठडा धरला. एकशे अठरा पानं. आणखी किती ठिकाणी आपण डुलकी काढणाऱ्या छापणाऱ्याला जागं केलं होतं? एकतीस वर्षं प्रत्येक दुरुस्तीची खूण समासात राहिली होती. संपादक ती बघत, हवी तर खोडत. आवाजाला समास नव्हता. काकांनी बदललेला नियम ताईंच्या कानात छापलेल्या नियमाइतकाच खरा झाला होता.

त्यांनी ताईंना फोन केला. बंद. ग्रुप उघडला. 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात.' चिटणीसबाईंना फोन केला. त्या उचलत नव्हत्या, कारण त्याच क्षणी त्या 'एका पुस्तिकेची गोष्ट' या नावाने समाजमाध्यमावर थेट बोलत होत्या आणि आठशे माणसं बघत होती. काकांनी तिथे खाली कमेंट लिहिली: 'पान १९० चुकीचे आहे. ताईंना ताबडतोब कळवा.' ती लाल हृदयांच्या पुरात वर वाहून गेली. कोणीतरी लगेच उत्तर दिलं: 'खूप सुंदर विचार, काका.'

मग त्यांना सुचलं की ताईंचा घरचा पत्ता त्यांच्या खात्यात तर असेल. रस्त्यात उभं राहून त्यांनी खात्याचा नंबर लावला. नवं मशीन आठवडाभर आधीच चाचणीसाठी सुरू झालेलं होतं. "पाण्याच्या तक्रारीसाठी एक दाबा. बिलासाठी दोन दाबा. ऑपरेटरशी बोलण्यासाठी नऊ दाबा." काकांनी नऊ दाबलं. "ऑपरेटर रजेवर आहेत. पाण्याच्या तक्रारीसाठी एक दाबा." काकांनी एक दाबलं. त्यांच्या नावावर गळतीची तक्रार नोंदवली गेली. परत आत शिरून तिसऱ्या मजल्यावर आस्थापना विभागात गेले, तर कर्मचाऱ्याचा पत्ता बाहेरच्याला देता येत नाही, त्यासाठी अर्ज करा. अर्ज ऑनलाइन.

"आता एकच," घरी आल्यावर काकू म्हणाल्या. "उद्या परीक्षेच्या दारात जाऊन उभे राहा. आणि आज बसून नीट बघा, कुठे कुठे हात मारलाय ते."

पानांचे फोटो मोबाइलवर होतेच. काकू फोटो बघत, काका कपाटाबाहेर टेबलाशी बसून स्वतःचा आवाज ऐकत. चार तास ते काम चाललं. बँक मॅनेजर मध्येच येऊन, वकिलाचा सल्ला घ्या, म्हणाले आणि चहा घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी काकूंची जीभ आधी 'च्' करी आणि मग आकडा सांगे. "सात दिवसांचे तुम्ही आठ केलेत." "इथे 'किंवा'चं 'आणि' केलंत." "इथे अख्खं वाक्य गाळलंत, का?"

"ते वाक्य दोनदा आलं होतं."

"एकदा पुरुष कर्मचाऱ्यांसाठी आणि एकदा स्त्रियांसाठी आलं होतं."

सत्तावीस जागा निघाल्या. काकांनी पांढऱ्याशुभ्र कागदावर, रेघ न चुकवता, लाल शीर्षक घालून शुद्धिपत्र तयार केलं. पान, ओळ, चुकीचा मजकूर, बरोबर मजकूर. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत देखणं शुद्धिपत्र होतं. शेवटी खाली त्यांनी सही केली आणि सहीखाली, बऱ्याच विचारानंतर, 'क्षमस्व' लिहिलं.

परीक्षा एका शाळेत दहा वाजता होती. काका पावणेनऊपासून फाटकाशी उभे होते. साडेनऊच्या पुढे ऑपरेटरताई बहिणीचा हात धरून आल्या. बरोबर त्यांची उत्तरं लिहिणारी लेखनिक होती.

"ताई!" काका धावले. "ताई, मोठा घोटाळा झालाय. माझ्याकडून. हे घ्या." आणि त्यांनी ते शुद्धिपत्र ताईंच्या हातात ठेवलं.

ताईंनी कागद बोटांनी चाचपला. वरून खाली, पुन्हा वर. "कोरा आहे," त्या म्हणाल्या.

बहीण तोंडावर रुमाल धरून हसली. काकांना फाटकाशेजारच्या गटारात उतरावंसं वाटलं.

"वाचून दाखवा की काका," ताई म्हणाल्या. "तुमच्याइतकं चांगलं वाचणारं कोण आहे इथे? वीस मिनिटं आहेत."

काकांनी कागद परत घेतला. "पान एकशे नव्वद. अर्जाची मुदत तीस दिवस नसून..."

"पंचेचाळीस. बदलीवरचे."

काका थांबले. "पान एकशे शहाण्णव. 'आणि' नसून..."

"किंवा."

"पान दोनशे तीन. सात..."

"सात दिवस. तुम्ही आठ केले होते. पुढचं?"

काकांनी सत्तावीसच्या सत्तावीस जागा वाचल्या. एकाही ठिकाणी त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. "तुम्हाला... हे... कोणी सांगितलं?"

"तुम्हीच," ताई म्हणाल्या. "काका, तुम्ही छापलेलं वाचता तेव्हा सरळ वाचत जाता. स्वतःचं काही घालायचं असलं की आधी घसा साफ करता. दुसऱ्या दिवशीच माझ्या लक्षात आलं. सोळा वर्षं फोनवर आहे मी, माणूस कुठे आकडा बदलतो ते कळतं. जिथे खाकरलात ती जागा मी मैत्रिणीला सांगायची. ती सुटीत पुस्तिका काढून बघायची आणि घरी येऊन सांगायची."

काकांना काय वाटलं हे सांगणं कठीण आहे. सुटका आणि अपमान ही दोन्ही एकाच वेळी आली तर चेहरा कुठला ठेवायचा, याचा त्यांना सराव नव्हता.

"पण तुमच्या यादीत एक राहिलंय," ताई म्हणाल्या.

"अशक्य!" हे उत्तर काकांच्या तोंडून आपोआप गेलं.

"अठ्ठावीस वेळा खाकरलात. पान दोनशे अकरा. काल मैत्रीण आजारी पडली, तेवढं बघायचं राहिलं. तिथे काय छापलंय?"

काकांना मॅनेजर आठवले. काल ते चहाला थांबले त्या वेळी दोनशे दहा तपासून संपलं होतं आणि कप परत गेल्यावर दोनशे बारा सुरू झालं होतं. त्यांनी मोबाइल काढला. चष्मा वाचायचा नव्हता, चालायचा होता; शुद्धिपत्र स्वतःच्याच मोठ्या अक्षरात होतं म्हणून निभावलं होतं. आत पहिली घंटा वाजली. लेखनिक म्हणाली, "चला ना, ओळखपत्र तपासायलाच दहा मिनिटं लागतात." काकांनी बोटांनी फोटो ताणला, मोबाइल हातभर लांब धरला, मग बहिणीच्या हातात देऊन स्वतः दोन पावलं मागे गेले. अक्षरं जुळली. बाकीचं विसरलेलं होतं तेही एकदम आठवलं. इतकी मोठी सवलत खातं देईलच कसं, असं त्यांना कपाटात वाटलं होतं. उघड उघड छापणाऱ्याची चूक. घशात काहीतरी वर आलं. काकांनी ते गिळलं.

"'टेलिफोन ऑपरेटरला,'" त्यांनी वाचलं, सरळ, एकही अक्षर न हलवता, "'सलग तीन तासांच्या कामानंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती अनुज्ञेय राहील.' मी पंधरा वाचलं होतं, ताई."

दुसरी घंटा झाली. लेखनिकेने त्यांचा दंड धरला.

"पंचेचाळीस?" त्या म्हणाल्या.

"पंचेचाळीस. स्वच्छ छापलंय. या एका पानावर छपाई उत्तम आहे."

"मला सोळा वर्षं पंधराच मिळाली."

मग त्या आत गेल्या. चालताना लेखनिकेच्या अर्धं पाऊल पुढे होत्या.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. तो चिटणीसबाईंनी समाजमाध्यमावर टाकला आणि त्याखाली एक हजार माणसांनी फुलं वाहिली, त्यांत पहिलं पान वाचणारे एकशे चार जण होते. खात्याने काकांच्या गळतीच्या तक्रारीची दखल त्याच आठवड्यात घेतली आणि दोन माणसं येऊन कपाटाशेजारची भिंत ठोकून गेली.

त्यानंतरच्या सोमवारी नव्या वरिष्ठ सहायक संस्थेत आल्या. संगणकावर लिहून छापून आणलेला दोन पानी अर्ज त्यांनी काकांपुढे ठेवला. विषय होता, सोळा वर्षांच्या विश्रांतीतली रोजची बुडालेली तीस मिनिटं.

"उद्या साहेबांना द्यायचाय," त्या म्हणाल्या. "तपासा. आज समास मोठा सोडलाय."

काकांनी लाल पेन काढलं आणि अर्ज पुढे ओढला. पहिल्या ओळीपाशी त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"कुठली ओळ?" ताईंनी विचारलं.